मिसिसिपी कंपनीचा बुडबुडा आणि रीजंटचा दरबार (1715–1720): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या प्रकरणाबद्दल बहुतेकांनी दोनच गोष्टी ऐकलेल्या असतात. एका स्कॉटिश जुगाऱ्यानं सगळ्या फ्रान्सला गंडवलं, ही एक. सौद्याच्या कागदांवर सह्या करायला एका कुबड्या माणसानं आपली पाठ भाड्यानं दिली, ही दुसरी. दुसरी गोष्ट त्या काळच्या लोकांनी सांगितलेली आहे. पहिली अर्धवट आहे आणि त्या अर्धवटपणामुळे खरे लाभार्थी तीनशे वर्षं नामानिराळे राहिले आहेत. म्हणून ही प्रश्नोत्तरं जरा सविस्तर लिहिली आहेत.

हे प्रकरण नेमकं काय होतं?

फ्रान्सच्या राजाच्या डोक्यावर न फिटणारं कर्ज होतं. जॉन लॉ नावाच्या माणसानं आधी एक बँक काढली, मग एक व्यापारी कंपनी, तीच ही मिसिसिपी कंपनी. राजाचे कर्जरोखे घेऊन त्या बदल्यात कंपनीचे शेअर द्यायचे, असा त्याचा बेत होता. 500 लिव्र (लिव्र हे तेव्हाचं फ्रेंच चलन) दर्शनी किमतीचा शेअर 1719 च्या अखेरीला 10,000 लिव्रच्या घरात गेला. तो विकत घेता यावा म्हणून त्याच बँकेनं नोटा छापल्या. 1720 च्या वर्षभरात शेअर आणि नोटा दोन्ही कोसळल्या, आणि डिसेंबरात लॉ देश सोडून गेला.

एवढं कर्ज झालंच कसं?

लढायांमुळे. चौदावा लुई 1 सप्टेंबर 1715 ला वारला, तेव्हा स्पेनच्या गादीसाठी चाललेलं लांबलचक युद्ध नुकतंच संपलं होतं. कर्ज 200 कोटी लिव्रच्या आसपास होतं आणि पुढच्या काही वर्षांचा महसूल आधीच उचलून खर्च झालेला होता. कर गोळा करण्याचं काम इजाऱ्यानं दिलेलं होतं. इजारदार सरकारला ठरलेली रक्कम आगाऊ देत आणि रयतेकडून त्याहून कितीतरी जास्त वसूल करत. सरकारला कर्ज देणारे सावकारही बहुतेक त्यांच्यातलेच होते.

गादीचा वारस, लुईचा पणतू, पाच वर्षांचा होता. कारभार गेला लुईच्या पुतण्याकडे, ऑर्लेआंचा ड्यूक फिलिप याच्याकडे. त्यालाच रीजंट म्हणतात. सें-सिमों या उमरावानं त्याला सरळ दिवाळं जाहीर करायचा सल्ला दिला होता. रीजंटनं तो मानला नाही. आधी त्यानं सावकारांवर खास न्यायालय बसवलं. त्यातून दंड मोठे ठोठावले गेले, वसूल थोडे झाले, कारण दरबारात ओळख असलेल्यांना सूट मिळाली. पुढच्या साऱ्या प्रकरणात हेच पुन्हा पुन्हा दिसतं.

रीजंटचा दरबार एवढा बदनाम का होता?

म्हाताऱ्या लुईच्या अखेरच्या वर्षांत व्हर्साय, म्हणजे पॅरिसबाहेरचा राजवाडा, नुसता प्रार्थना, सुतक आणि शिष्टाचार यांचा झाला होता. रीजंटनं बाळराजाला पॅरिसला आणलं. दरबार 1722 पर्यंत व्हर्सायला परतला नाही. स्वतः रीजंट शहराच्या मधोमध पॅले-रॉयाल या वाड्यात राहायचा. दिवसभर तो खरोखर कसून काम करी. संध्याकाळी दारं बंद होत आणि निवडक मंडळींच्या मेजवान्या सुरू होत. त्या मंडळींना त्यानं दिलेलं नाव होतं ‘रुए’, म्हणजे चाकावर हातपाय मोडून मारायच्या लायकीचे लोक. त्याची थोरली मुलगी, बेरीची डचेस, खाणंपिणं आणि प्रेमप्रकरणं यांमुळे सगळ्या शहराच्या तोंडी होती. 1719 च्या जुलैत ती अवघ्या तेविसाव्या वर्षी वारली. बापलेकीबद्दल घाणेरड्या कविता गुपचूप फिरत. अशाच कवितांपायी तरुण व्हॉल्तेअर 1717 मध्ये बास्तिय तुरुंगात गेला आणि अकरा महिने तिथं राहिला.

1716 पासून ऑपेराच्या सभागृहात मुखवटे घालून सार्वजनिक नाच होऊ लागले. तिकीट काढलं की कुणालाही प्रवेश. उमराव, नटी, दुकानदार, नोकर एका छताखाली नाचू लागले. मला हा बदल फार महत्त्वाचा वाटतो. पुढे ज्या गल्लीत ड्यूक आणि त्याचा गाडीवान शेजारी उभे राहून शेअर विकत घेणार होते, तिची सवय पॅरिसला इथं लागली.

जॉन लॉ कोण होता?

एडिंबरोच्या सोनाराचा मुलगा, जन्म 1671 चा. त्या काळी तिथले सोनार ठेवी घेत, कर्ज देत. म्हणजे घरातच पेढी होती. मुलाचं डोकं गणितात विलक्षण चालायचं. लंडनला जाऊन त्यानं जुगारात पैसा घालवला. 1694 च्या एप्रिलमध्ये ब्लूम्सबरी चौकात एडवर्ड विल्सन नावाच्या छानछोकी माणसाला द्वंद्वात ठार केलं. फाशीची शिक्षा झाली, पण तुरुंगातून पळून तो युरोपात आला.

नंतरची वीसेक वर्षं तो ॲमस्टरडॅम, जिनोआ, व्हेनिस अशा शहरांत फिरत राहिला. जुगारात तो नशिबावर विसंबत नसे, शक्यतांचा हिशोब मांडून खेळे. त्याच वेळी बँका कशा चालतात हेही तो बारकाईनं पाहत होता. 1705 मध्ये त्यानं पैसा आणि व्यापार यांवर पुस्तक छापलं. त्याचं म्हणणं असं: देशात नाणं कमी असलं की हातांना काम मिळत नाही, जमीन पडीक राहते, कागदी चलन वाढवलं तर व्यापार हलेल. आज हे म्हणणं कुणाला वेडगळ वाटणार नाही. त्याच्या सोबत कॅथरीन नावाची बाई पत्नी म्हणून राहायची, त्यांना दोन मुलं होती. पण तिचं लग्न दुसऱ्याशी झालेलं होतं. पॅरिसच्या वरच्या वर्तुळाला हे ठाऊक नव्हतं. फ्रेंच लोक त्याचं आडनाव ‘लास’ असं उच्चारत.

बँक चांगली चालली होती का?

हो, आणि हे आवर्जून सांगायला हवं. मे 1716 मध्ये सुरू झालेल्या या खासगी बँकेचं भांडवल 60 लाख लिव्र होतं. त्यातला पाऊण भाग सरकारी रोख्यांत भरायची सवलत होती. सरकार तेव्हा नाण्याची किंमत हुकूम काढून वरखाली करायचं, त्यामुळे आज दिलेल्या शंभराचे वर्षानं किती उरतील हे कुणाला सांगता येत नसे. लॉच्या नोटेवर मात्र वचन होतं की नोट दिली त्या दिवशीच्या वजनाचं आणि कसाचं नाणं परत मिळेल. म्हणून व्यापारी नाण्यापेक्षा नोट पसंत करू लागले. 1717 च्या एप्रिलमध्ये सरकारनं करभरणाही या नोटांत घ्यायला सुरुवात केली.

इथंच थांबलं असतं तर फ्रान्सला एक धड बँक मिळाली असती. पण डिसेंबर 1718 मध्ये ती ‘राजाची बँक’ झाली. नोटा किती छापायच्या हे आता राजाच्या, म्हणजे रीजंटच्या, हुकमावर ठरू लागलं. नोटेवरचं वजन-कसाचं वचनही पुढे काढून टाकण्यात आलं. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात घातक दिवस तोच.

कंपनी काय व्यापार करायची?

ऑगस्ट 1717 मध्ये लॉला लुइझियानाचा व्यापारी मक्ता मिळाला. लुइझियाना म्हणजे मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातला अफाट मुलूख, ज्यावर फ्रान्सचा दावा होता. 500 लिव्रचा एक असे दोन लाख शेअर काढले गेले, म्हणजे एकूण 10 कोटी. पैसे सरकारी रोख्यांत भरायचे. बाजारात हे रोखे मोठ्या बट्ट्यानं, निम्म्याहूनही कमी भावानं विकले जात होते. कंपनी ते पूर्ण दर्शनी किमतीला घेई. शेअरवाल्याला वाटे, स्वस्तात मिळालं. राजाला वाटे, 10 कोटींचं देणं हलकं झालं, आता फक्त कंपनीला व्याज द्यायचं.

मग लॉनं एकेक करून सगळं कंपनीत ओतलं. तंबाखूचा मक्ता. सेनेगलचा व्यापार. मे 1719 मध्ये पूर्वेकडच्या आणि चीनच्या जुन्या कंपन्या. जुलैत टांकसाळ, 5 कोटींना. ऑगस्टमध्ये करवसुलीचा इजारा, वर्षाला 5 कोटी 20 लाखांना. त्याच वेळी राजाला 120 कोटी लिव्र 3 टक्क्यांनी कर्ज द्यायची कबुली; हा आकडा पुढे आणखी वाढला. म्हणजे नोटा छापणं, नाणी पाडणं, कर गोळा करणं, समुद्रापलीकडचा व्यापार आणि राजाचं कर्ज, सगळं एका माणसाच्या हाती.

‘आई’, ‘मुलगी’ आणि ‘नात’ शेअर म्हणजे काय?

लोकांनीच ठेवलेली नावं. 1717 चे पहिले शेअर म्हणजे आई. 1719 च्या जूनमध्ये निघालेले 50,000 शेअर म्हणजे मुली, किंमत 550. एक मुलगी घ्यायची तर चार आया जवळ हव्यात, अशी अट. त्यामुळे मुली मिळवण्यासाठी लोक आयांच्या मागे धावले आणि आयांचा भाव चढला. जुलैतल्या नाती 1,000 लिव्रना. त्यांच्यासाठी चार आया आणि एक मुलगी लागायची. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मात्र कसलीही अट न घालता तीन लाखांवर शेअर काढले, प्रत्येकी 5,000 लिव्रना.

खरी मेख हप्त्यांत होती. 5,000 चा शेअर दहा हप्त्यांत घेता येई. 500 हातात असलेला माणूस 5,000 च्या मालाचा धनी होई. भाव 6,000 झाला की त्याच्या 500 वर 1,000 चा नफा. वर बँक शेअर तारण ठेवून कर्ज द्यायची आणि त्या कर्जातून माणूस आणखी शेअर घ्यायचा. नोटा वाढल्या की भाव वाढे, भाव वाढला की आणखी नोटा छापाव्या लागत. व्यापारातून येणाऱ्या कमाईचा या भावाशी काही मेळ राहिला नव्हता.

कँकांप्वा गल्लीत खरोखर काय चालायचं?

कँकांप्वा ही पॅरिसच्या जुन्या भागातली अरुंद, काळोखी गल्ली. रोखे, हुंड्यांचा धंदा करणारे लोक तिथं आधीपासून बसत. 1719 च्या उन्हाळ्यापासून सगळा देश त्या गल्लीत शिरला. दोन्ही टोकांना फाटकं बसवावी लागली, पहारेकरी ठेवावे लागले. सकाळी नगारा वाजला की फाटकं उघडत. एका टोकानं उमराव आत येत, दुसऱ्या टोकानं बाकीचे. आत शिरल्यावर हा भेद टिकत नसे. रात्री लोकांना हुसकून बाहेर काढावं लागे.

घरांची भाडी अतोनात वाढली. तळघरं, माळे, जिन्याखालची जागासुद्धा कचेऱ्या झाल्या. एका चांभारानं आपलं दुकान खुर्च्या, कागद, दौत-लेखणी ठेवून भाड्यानं दिलं आणि जोडे शिवण्यापेक्षा जास्त कमावलं, असं त्या काळचे लोक सांगतात. नोकर मालकापेक्षा श्रीमंत झाल्याच्या गोष्टी शहरभर होत्या. मालकाचे शेअर ठरलेल्या भावानं विकायला पाठवलेला नोकर तासभर थांबे, वर चढलेला फरक खिशात घाली आणि दुसऱ्या दिवशी नोकरी सोडून देई. ‘मिलियनेअर’ म्हणजे दशलक्षांचा धनी हा शब्द याच दिवसांत पॅरिसच्या तोंडी रुळला.

अशा गोष्टी वाचताना आपण हसतो. मला त्यात त्या नोकराची बाजूही दिसते. पिढ्यान् पिढ्या गाडीच्या मागे उभं राहिलेल्या माणसाला पहिल्यांदाच वाटलं, आपणही आत बसू शकतो. त्याची हाव आणि ड्यूकची हाव एकाच तराजूत घालणं मला पटत नाही.

उच्चभ्रू स्त्रियांचा यात काय भाग होता?

मोठा होता, आणि तो बहुतेक वेळा थट्टेनंच सांगितला जातो. रीजंटची आई लिझेलोट मूळची जर्मन. ती आपल्या माहेरच्या नातेवाइकांना रोज लांबलचक पत्रं लिहायची आणि काहीही झाकून ठेवायची नाही. एका डचेसनं चारचौघांत लॉचे हात चुंबले, असं तिनं लिहून ठेवलंय. एका बाईनं लॉशी बोलायला मिळावं म्हणून त्याच्या वाटेत आपली गाडी मुद्दाम उलटवायला लावली, ही गोष्टही तेव्हाचीच. वारसाहक्क, हुंडा, नवऱ्याची सही यांत अडकलेल्या बायकांना हातातल्या कागदानं मिळणारा पैसा म्हणजे काय वाटलं असेल, याचा विचार थट्टा करणाऱ्यांनी केलेला दिसत नाही.

सगळ्यांत हुशार निघाली मादाम द तांसँ. मठातून सुटका करून घेतलेली ही बाई राजकारण्यांच्या आणि लेखकांच्या बैठकी भरवायची. 1717 मध्ये तिला झालेलं मूल एका चर्चच्या पायऱ्यांवर सोडून दिलेलं आढळलं. तोच मुलगा पुढे दालांबेर म्हणून थोर गणिती झाला. 1719 मध्ये तिनं भागीदार गोळा करून शेअरच्या धंद्यासाठी कचेरी थाटली आणि वेळेत बाहेर पडली. तिचा भाऊ धर्मगुरू. अर्थखात्याचा प्रमुख व्हायला लॉनं कॅथलिक होणं जरुरीचं होतं. त्याला दीक्षा या भावानंच दिली आणि त्या बदल्यात शेअर मिळवले. 5 जानेवारी 1720 ला लॉ अर्थमंत्री झाला.

रीजंटच्या हिऱ्याचा याच्याशी काही संबंध आहे का?

आहे. कृष्णाकाठच्या कोल्लूर खाणीतला हा हिरा मद्रासचा इंग्रज गव्हर्नर थॉमस पिट यानं मिळवला होता. पैलू पाडल्यावर सुमारे 140 कॅरट भरला. गिऱ्हाईक मिळत नव्हतं. 1717 मध्ये लॉ त्याची प्रतिकृती घेऊन रीजंटकडे गेला. तिजोरी रिकामी असताना हे बरं दिसेल का, अशी शंका रीजंटला होती. फ्रान्सच्या राजाला किमतीकडे बघून माघार घेणं शोभत नाही, असं लॉनं आणि सें-सिमोंनं त्याला पटवलं. कर्जबाजारी दरबारानं 1,35,000 पौंडांना हिरा घेतला, हप्त्यानं.

मिसिसिपीला खरोखर सोनं होतं का?

नव्हतं. दलदल होती, डास होते, ताप होता. मूळ रहिवाशांची स्वतःची राज्यं होती. न्यू ऑर्लिन्स 1718 मध्ये वसवायला घेतलं, नाव रीजंटच्या पदवीवरून. पण 1720 मध्ये तिथं झोपड्यांपलीकडे फारसं काही नव्हतं. पॅरिसमध्ये विकली जाणारी चित्रं मात्र डोंगरांत सोनं आणि भोळे आदिवासी दाखवायची.

स्वतःहून कुणी जाईना. तेव्हा तुरुंग, अनाथालयं आणि इस्पितळं रिकामी करायला सुरुवात झाली. भिकारी, भटके, वेश्या, मिठाची चोरटी विक्री करणारे, घरच्यांना नकोशी झालेली मुलं पकडून बंदरावर पाठवली. 1719 च्या सप्टेंबरमध्ये पॅरिसमध्ये कैदी मुलामुलींची घाऊक लग्नं लावून, जोड्या साखळीनं बांधून त्यांना रस्त्यानं नेलं. माणसं पकडण्यासाठी नेमलेल्या शिपायांना डोईमागे पैसे मिळत, म्हणून ते वाटेत दिसेल त्याला, कारागिरांच्या पोरांनाही, उचलू लागले. 1720 च्या वसंतात पॅरिसकरांनी या शिपायांना रस्त्यात गाठून मारलं, काहींचे जीव गेले, तेव्हा कुठे मे महिन्यात सरकारनं ही पाठवणी बंद केली. जर्मन मुलखांतून हजारो शेतकरी आणले; त्यांतले कितीतरी बंदरात जहाजाची वाट पाहताना, प्रवासात आणि उतरल्यावर लुइझियानाच्या किनाऱ्यावर बिलोक्सीच्या वाळूत आजारानं आणि उपासमारीनं मेले.

1719 मध्येच आफ्रिकेतून गुलाम आणणारी पहिली दोन जहाजं लुइझियानाला लागली. पुढच्या बारा वर्षांत सुमारे 6,000 माणसं अशी आणली गेली. शेअरच्या भावाचा आलेख सगळेच छापतात. या जहाजांचा उल्लेख बहुतेक ठिकाणी सापडत नाही, आणि त्याचा मला राग येतो. कंपनीनं मिसिसिपीत जे काही उभं केलं, ते या लोकांच्या अंगावर उभं केलं.

घसरण सुरू कुणामुळे झाली?

शहाण्या माणसांमुळे. 1720 च्या सुरुवातीला जाणत्यांनी शेअर विकून नोटा घेतल्या आणि नोटा देऊन सोनं, चांदी, जमिनी, दागिने घेतले. कोंतीचा राजपुत्र हे राजघराण्यातलं माणूस. हवे तेवढे शेअर मिळाले नाहीत म्हणून तो चिडला होता. मार्चमध्ये त्यानं आपल्या नोटांचे पैसे न्यायला बँकेच्या दारात गाड्या उभ्या केल्या आणि त्या नाण्यांनी भरून नेल्या. रीजंटनं त्याची खरडपट्टी काढली, पण गाड्या साऱ्या शहरानं पाहिल्या होत्या.

लॉची उत्तरं एकाहून एक कडक होत गेली. हिरे-मोती घालायला बंदी. 27 फेब्रुवारीला हुकूम निघाला की कुणीही 500 लिव्रपेक्षा जास्त नाणं घरात ठेवायचं नाही. झडत्या होतील, आणि चुगली करणाऱ्याला जप्तीतला वाटा मिळेल. विश्वासाच्या जोरावर चलन चालवू पाहणाऱ्या माणसानं शेजाऱ्याला शेजाऱ्यावर सोडलं, तिथं त्याचं सगळं तत्त्वज्ञान संपलं असं मी मानतो. 5 मार्चला शेअरचा भाव 9,000 वर बांधून देण्यात आला. त्या भावानं बँक हवे तितके शेअर घेऊन नोटा देणार. विकणारे तुटून पडले, नोटांचा पूर आला. काही महिन्यांत नोटांचा आकडा 260 कोटी लिव्रच्या वर गेला. पॅरिसमधल्या वस्तूंचे भाव जवळपास दुप्पट झाले.

काउंट हॉर्नचं प्रकरण काय होतं?

22 मार्च 1720. हॉर्न हा बावीस वर्षांचा उमराव, रीजंटच्या नात्यातला. त्यानं साथीदारांना घेऊन एका शेअर दलालाला सौद्याच्या निमित्तानं गल्लीजवळच्या गुत्त्यात बोलावलं आणि त्याचं पाकीट लुटण्यासाठी भोसकून मारलं. बड्या घराण्यांनी रीजंटकडे धाव घेतली. निदान उमरावाला शोभेल असं मरण, म्हणजे शिरच्छेद, द्या, ही त्यांची विनवणी. रीजंट बधला नाही. चारच दिवसांनी हॉर्नला भर चौकात चाकावर हातपाय मोडून मारण्यात आलं. गल्लीतला बाजार बंद झाला. तो पुढे प्लास व्हांदोमला आणि मग स्वासों वाड्याच्या बागेत हलला.

21 मे आणि 17 जुलै या तारखांना एवढं महत्त्व का?

21 मे 1720 च्या हुकमानं शेअरची किंमत टप्प्याटप्प्यानं 5,000 वर आणि नोटांची निम्म्यावर आणायचं ठरलं. हिशोब म्हणून त्यात तथ्य होतं. कागद फार झाला होता. पण नोटेची किंमत कधीच घटणार नाही असं वचन सरकारनंच दिलं होतं. पॅरिस खवळलं, आठवड्याच्या आत हुकूम मागे घेतला, पण गेलेला विश्वास परत आला नाही. लॉचं मंत्रिपद गेलं, काही दिवस पहारा बसला, मग रीजंटनं त्याला पुन्हा कामाला लावलं.

उन्हाळ्यात साध्या माणसांकडे पाव घ्यायला नाणं नव्हतं आणि पाववाले नोट घेईनात. 10 लिव्रची नोट मोडून घ्यायला लोक रात्रभर बँकेच्या दारात उभे राहत. 17 जुलैच्या पहाटे व्हिव्हियन रस्त्यावर त्या गर्दीत डझनभर तरी माणसं चेंगरून मेली. लोकांनी प्रेतं खांद्यावर घेऊन रीजंटच्या वाड्यावर नेली. लॉची गाडी फोडली. तो वाड्यात लपला. त्या दिवशी मेलेल्यांत कुणी ड्यूक नव्हता. सरकारला विरोध केल्याबद्दल थोड्याच दिवसांत पॅरिसच्या न्यायसभेला पोंत्वाझ गावी हद्दपार करण्यात आलं. त्याच उन्हाळ्यात मार्सेयला प्लेग आला. 1 नोव्हेंबरपासून नोटा चलनातून बाद झाल्या.

शेवटी फायदा कुणाचा झाला?

बूर्बोंच्या ड्यूकचं उदाहरण पुरेसं आहे. राजघराण्यातला हा ड्यूक लॉचा मोठा पाठीराखा होता, वेळेत विकून मोकळा झाला, आणि शांतियी इथल्या आपल्या जागेत 240 घोड्यांसाठी राजवाड्यासारखा तबेला बांधायला घेतला. रिचर्ड कँतियों या आयरिश सावकारानं पद्धत कोसळणार हे ओळखून पैसा बाहेर नेला. सें-सिमोंनं शेअर नाकारले, पण वडिलांचं राजाकडे थकलेलं जुनं येणं मात्र या दिवसांत वसूल करून घेतलं.

आणि राजा? त्याचं कर्ज मोठ्या प्रमाणात लोकांच्या माथी गेलं. 1721 मध्ये पारी बंधू या सावकारांनी सगळ्यांचे कागद तपासायचं काम हाती घेतलं. 5 लाखांहून अधिक लोकांनी आपापले रोखे-नोटा दाखवल्या. त्यांत विधवा होत्या, पेन्शनर होते, ज्यांना जुनं कर्ज जबरदस्तीनं नोटांत परत मिळालं असे साधे सावकार होते. दावे कापून नव्या, कमी व्याजाच्या रोख्यांत बदलले. काम संपल्यावर नोंदवह्या जाळल्या, त्यामुळे कोण किती कमावून बसलं होतं याचा पुरावाही गेला.

मग लॉ लुच्चा होता की नव्हता?

लुच्चा माणूस आपला पैसा आधी बाहेर काढतो. लॉनं मिळवलेलं सगळं फ्रान्समधल्या जमिनी-वाड्यांत गुंतवलं होतं. डिसेंबर 1720 मध्ये तो निघाला तेव्हा जवळचं सोनं सरहद्दीवरच काढून घेण्यात आलं, देशातलं सोनं बाहेर नेण्याविरुद्ध त्यानंच केलेल्या कायद्याचा आधार देऊन. मालमत्ता जप्त झाली, भाऊ विल्यम तुरुंगात गेला.

त्याचा गुन्हा वेगळा आहे. आपला हिशोब बरोबर आहे म्हणून माणसांनी त्याप्रमाणे वागलंच पाहिजे, हा हट्ट. आणि निरंकुश सत्तेच्या हातात नोटांचा छापखाना देऊन ती संयमानं वागेल ही समजूत. फ्रान्समध्ये पुढची अनेक दशकं ‘बँक’ हा शब्दच लोकांना नको झाला. 1776 मध्ये तशी संस्था काढली तेव्हाही तिच्या नावात तो शब्द घातला नाही.

राज्यक्रांतीचं मूळ इथं आहे असं म्हणता येईल का?

तसं थेट म्हणू नये. मधे सत्तर वर्षं आहेत आणि आणखी युद्धं. एवढं खरं, की 1720 नंतर फ्रान्सच्या राजाकडे सार्वजनिक बँक नव्हती, इजारदार पुन्हा बळावले, आणि त्याला कर्ज इंग्लंडच्या राजापेक्षा महाग पडत राहिलं.

हिंदुस्थानशी या कथेचा काही धागा जुळतो का?

चांगलाच जुळतो. बुडाल्यानंतर कंपनीचा पूर्वेकडचा व्यापार टिकला. पाँडिचेरी, चंद्रनगर, माहे चालवणारी फ्रेंच कंपनी ती हीच. विल्यम लॉची दोन मुलं तिच्या चाकरीत इकडे आली. धाकटा जाक 1752 मध्ये तिरुचिरापल्लीच्या वेढ्यात फ्रेंच फौजेचा सरदार होता. समोर क्लाइव्ह आणि लॉरेन्स हे इंग्रज सेनानी, त्यांच्या बाजूला गुत्तीचे मुरारराव घोरपडे आणि त्यांचे मराठी स्वार. जाकनं श्रीरंगम बेटावर शरणागती पत्करली. थोरला जां प्लासीच्या आधी कासिमबाजारला बंगालचा नवाब सिराजउद्दौला याला इंग्रजांपासून सावध करत होता, पुढे पाँडिचेरीचा गव्हर्नर झाला.

लॉचं शेवटी काय झालं? त्याची कबर कुठे आहे?

काही वर्षं तो युरोपात भटकला, फ्रान्स परत बोलावेल याची वाट पाहत राहिला. 1723 मध्ये रीजंट वारला आणि ती आशा संपली. व्हेनिसमध्ये तो पुन्हा जुगारावर जगू लागला. 1728 मध्ये फ्रेंच विचारवंत मोंतेस्क्यू त्याला तिथं भेटला, तेव्हाही तो आपल्या योजनांबद्दलच बोलत होता. 21 मार्च 1729 ला तो वारला.

त्याला पुरलं होतं ते चर्च नेपोलियनच्या राजवटीत पाडलं गेलं. तेव्हा व्हेनिसचा लष्करी गव्हर्नर होता सेनापती लोरिस्तों, म्हणजे पाँडिचेरीच्या जां लॉचा मुलगा, 1768 मध्ये पाँडिचेरीतच जन्मलेला. त्यानं 1808 मध्ये आपल्या आजोबांच्या भावाच्या अस्थी सान मोइझे चर्चमध्ये हलवल्या. प्रवेशदारापाशी जमिनीत बसवलेली ती शिळा अजून तिथं आहे. आत येणारे लोक तिच्यावरून चालत जातात.